गोळीवर तरंगलेलं चुंबक आणि गळालेलं नाव

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळायला नको. परभणीच्या एका कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक वसमतकर यांनी मला फसवलं. मी शेषराव मिस्त्री, मोटार रिवायंडिंगवाला. पैशाला मला कुणी फसवू शकत नाही, प्रयत्न करून लोक थकले. मला नावाला फसवलं.

संपादक म्हणाले, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, पण रागावून लिहू नका. पहिली अट मान्य केली.

आधी धंदा सांगतो. उन्हाळ्यात विजेचा दाब पडतो. विहिरीवरची मोटार बिचारी तेवढंच पाणी ओढायला जाते, तिच्या आतली तांब्याची तार तापते, तारेवरचं आवरण जळतं आणि मोटार धूर सोडून बसते. शेतकरी ती गाडीत घालून माझ्याकडे आणतो आणि वाटेत ठरवून येतो की मिस्त्री चोर आहे. मी जळकी तार छिन्नीने उपटतो, वेढे मोजतो, नवी तार तितक्याच वेढ्यांनी भरतो, वार्निश पाजतो आणि मोटार भट्टीत भाजतो. या सगळ्यात एकच गोष्ट शिकवण्यासारखी आहे. भाजलेली मोटार भट्टीत आपोआप गार होऊ द्यायची. मध्येच दार उघडून बघायचं नाही. घाई केली की वार्निशला चिरा पडतात आणि मोटार पंधरा दिवसांत परत येते. माझ्या दुकानात भट्टीचं दार उघडणाऱ्याला मी हात धरून बाहेर काढत असे, मग तो सरपंच का असेना.

वसमतकर सर आले ते असेच एका उन्हाळ्यात, दुपारी. सायकल भिंतीला टेकवली आणि खिशातून कागद काढला.

"मिस्त्री, साडेनऊशे अंशांची भट्टी बनवता येईल का?"

"कशाला पायजे? विटा भाजायच्यात का?"

"संशोधन आहे. अतिवाहक बनवायचाय."

मग त्यांनी स्टुलावर बसून समजावलं. सर समजावून चांगलं सांगत, ते मी नाकारत नाही. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचेतो वाटेतच मुरतं, तशी वीज तारेतून येताना तारेतच मुरते, तिची नुसती उष्णता होते. अतिवाहक म्हणजे असा पदार्थ, की तो पुरेसा गार केला तर त्यातून वीज जाताना कणभरही मुरत नाही. असा पदार्थ जमला तर कोळसा कमी जाळावा लागेल, उन्हाची वीज लांबवर नेता येईल, गोल वेटोळ्यात फिरवत साठवतासुद्धा येईल. बाहेरच्या देशांत नुकताच एक काळा, मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ पदार्थ सापडला होता आणि जगभर लोक तो करून बघत होते. सरांना तो परभणीत करायचा होता.

"म्हंजी अशा तारेची मोटार केली तर ती जळणारच न्हाई?"

"नाही जळणार."

"मग मी काय खाऊ?"

सर विचारात पडले. "त्याला अजून पन्नासेक वर्षं लागतील."

"मग चालतंय," मी म्हणालो. "करू."

"पैसे किती घ्याल?"

"पैसे नकोत."

सर घाबरले. शेषराव मिस्त्री पैसे नको म्हणाला, हे परभणीत तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं. ते स्टुलावरून उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं आणि विचारलं, जमलं तर हे छापून येणार का? येणार, म्हणाले, मोठ्या नियतकालिकात. वर नावं असतात का? असतात. मग त्यात माझं नाव टाका.

का, तेही सांगतो. माझा बाप सोनपेठच्या बैलबाजारात दलाल होता आणि मी सातवीतून निघालो. दुकानाच्या पाटीवर माझ्या उस्तादाचं नाव होतं, कारण गिऱ्हाईक त्या नावावर येत होतं. माझं नाव उभ्या आयुष्यात एकाच ठिकाणी छापलं होतं, मतदार यादीत. तिथं मी शेषाबाई होतो, वय चोवीस. तीन निवडणुका मी मतदान केंद्रावर भांडून मत दिलं. तेव्हा नाव छापून आणायची ही संधी मी सोडणार नव्हतो.

सर म्हणाले, "चौथं नाव टाकतो."

"पयले तीन कोण?"

"मी, औरंगाबादचे मार्गदर्शक आणि आमचे विभागप्रमुख."

"विभागप्रमुखांनी काय केलं?"

"ते विभागप्रमुख आहेत."

"मला दुसरं पायजे."

"अहो मिस्त्री, असं नसतं."

मी खांद्यावरचा टॉवेल काढला. बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातावर टॉवेल टाकायचा, आत एकमेकांची बोटं धरायची, बोटांनीच भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. मी सरांचा हात टॉवेलखाली घेतला. सर दचकले, त्यांना वाटलं नाडी बघतोय. मी सगळं समजावलं आणि त्यांची दोन बोटं धरली. त्यांनी चार केली. मी दोन दाबली. तीन झाली. मी परत दोन दाबली, जरा जोरात. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोनावर सौदा पटला.

बापाने शिकवलं होतं की टॉवेलखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो, म्हणून तो सौदा कुणी मोडत नाही. हे बाजारातल्या माणसांना लागू होतं. प्राध्यापकांना लागू होतं का, हे बापाला माहीत नव्हतं.

भट्टी मी दुकानाच्या मागच्या खोलीत उभी केली. पहिल्या दोन भट्ट्यांच्या तारा वितळल्या. तिसरीसाठी एका भंगारवाल्याकडून बॉयलरच्या विटा घेतल्या. भावावरून तासभर घासाघीस झाली. शेवटी तो म्हणाला, "बाबा, ह्या बी घेऊन जा, पण जा." असा दुप्पट माल मिळाला, म्हणून विटांचे दोन थर लावले. ही गोष्ट लक्षात ठेवा.

माल म्हणजे तीन पुड्या. एक पांढरी आणि महाग, दुसरी पांढरी आणि विषारी, तिसरी काळी, तांब्याची. त्या एकत्र घोटायच्या, भाजायच्या, परत घोटायच्या, ट्रकच्या जॅकखाली दाबून रुपयाएवढी गोळी करायची आणि ती परत भाजायची. भाजताना ऑक्सिजन सोडायचा, तो वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरातून. गोळी तयार झाली की ती नायट्रोजनच्या द्रवात बुडवून गार करायची आणि वर चिमुकलं चुंबक सोडायचं. चुंबक हवेत तरंगलं तर अतिवाहक झाला. बसलं तर माती.

पहिली गोळी हिरवी निघाली, शेवाळासारखी. सर म्हणाले, नीट घोटलं गेलं नाही. चांगला खल परभणीत एकाच माणसाकडे होता. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे हकीमसाहेब होते. धातू जाळून, आठ-आठ दिवस घोटून औषधी भस्म करत. त्याला ते कुश्ता म्हणत. त्यांचा खल अकीक दगडाचा होता.

हकीमसाहेबांनी पुड्या बघितल्या. "मिस्त्री, ये किस मर्ज़ का कुश्ता है?"

"मोटर जल जाती, उसका."

"हौ," म्हणाले आणि घोटायला बसले. चार दिवस घोटलं. पाचव्या दिवशी, सगळे हकीम बघतात तसं त्यांनी चिमूट बोटावर घेतली आणि बोट जिभेकडे नेलं. सरांनी झेप घालून त्यांचा हात धरला.

"हकीमसाब, जहर है."

हकीमसाहेबांनी हात सोडवून घेतला. "मास्टर साब, चालीस बरस से चख रहा हूँ. मरीज़ मरे होंगे, मैं नहीं मरा."

तरी सरांनी त्यांना चाखू दिलं नाही. हा खल आता औषधाला वापरू नका असंही बजावलं. हकीमसाहेबांनी खल मला देऊन टाकला आणि सरांशी बोलणं कायमचं बंद केलं.

त्या भुकटीच्या गोळ्या काळ्याभोर निघाल्या. दिसायला फर्मास. पण चुंबक तरंगेना. एक झाली, दोन झाल्या, सहा झाल्या. चुंबक आपलं गोळीवर बसायचं, बैल बसतो तसं.

कारण मला दिसत होतं. सरांना धीर नव्हता. भाजण्याची वेळ संपली की ते ऑक्सिजन बंद करत, सिलिंडर वाचावं म्हणून. मग दार उघडून लालभडक गोळी चिमट्याने ओढून काढत आणि तिच्यावर पुस्तकाने वारा घालत.

"सर, तिला आतच गार होऊ द्या."

"मिस्त्री, ही मोटार नाही."

"भट्टी तर माझी हाय ना."

"तापमान साडेनऊशे झालं, भाजणं झालं. नंतर काय होणार आहे आत?"

सातव्या गोळीच्या वेळी माझं डोकं फिरलं. सकाळची वेळ, मला नऊच्या पॅसेंजरने भाचीच्या लग्नाला पूर्णेला जायचं होतं. सर चिमटा घेऊन भट्टीपुढे उभे. मी चिमटा हिसकावला. ते म्हणाले, तुम्हाला शास्त्रातलं काही कळत नाही. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं, भट्टीचा खटका पाडला, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सरळ स्टेशन गाठलं. रागाच्या भरात ऑक्सिजनची नळी बंद करायची राहिली. पिंगळी स्टेशन गेल्यावर आठवलं. पण गाडी काय माझ्यासाठी मागे वळणार होती?

आता पुढचं नीट वाचा, कारण माझं सगळं म्हणणं याच्यावर आहे.

दुपारी पूर्णेच्या मांडवात पंगत बसली होती. मी बुंदी वाढत होतो. समोर बघतो तर वसमतकर सर. पुढच्या गाडीने किल्लीसाठी आले होते. घामाघूम, चष्म्यावर धूळ.

"मिस्त्री, किल्ली द्या."

"बसा. जेवण करा."

"गोळी आत आहे, मिस्त्री."

"नवरी बी अजून मांडवातच हाय. पाठवणी झाल्याबिगर मला हलता येत न्हाई."

एवढ्यात माझी बहीण आली. तिला वाटलं नवऱ्याकडचे कुणी शिकलेले पाहुणे आहेत. तिने हाताला धरून सरांना पंगतीत बसवलं, टिळा लावला, टोपी घातली आणि वाढप्याला सांगितलं, "ह्यांच्याकडं ध्यान ऱ्हाऊ दे, लाजायलेत." सर आधी नाही नाही म्हणाले. मग बुंदी दोनदा मागून घेतली. पाठवणीला नवरी रडायला लागली तेव्हा सरांच्याही डोळ्यांना धार लागली. बहीण मला म्हणाली, "पाहुणे लय मायाळू हायेत." मला माहीत होतं, ते गोळीसाठी रडत होते.

रात्री गाडी नव्हती. सर मांडवातच झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परभणीला पोचलो आणि मी कुलूप उघडलं. ऑक्सिजनचं सिलिंडर पार रिकामं झालं होतं. भट्टीला हात लावला तर जेमतेम कोमट. दोन थरांच्या विटांनी आख्खा दिवस आणि रात्र लावून तिला हळूहळू गार केलं होतं. गोळी काढली. दिसायला आधीच्या सहांसारखीच.

थर्मासमध्ये थोडं द्रव होतं. बशीत ओतलं, धूर निघाला, गोळी बुडवली. सरांनी चुंबक सोडलं.

ते बसलं नाही. गोळीच्या वर, पोस्टकार्ड सरकेल एवढ्या उंचीवर थांबलं आणि आपल्याशीच गरगर फिरायला लागलं.

सर वाकून बशीत बघत राहिले. लग्नातली टोपी अजून त्यांच्या डोक्यावर होती. मग म्हणाले, "ऑक्सिजन. तापमान उतरताना गोळीत शिरतो. हळू उतरवायला पाहिजे होतं."

"मी काय सांगत होतो?" मी म्हणालो.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या क्षणी तो माणूस खोटा नव्हता, हे मी शपथेवर लिहून देतो. म्हणून तर राग जास्त येतो.

मग कॉलेजात जाहीर प्रयोग ठरला. मोठे पाहुणे आले, हार आले, खुर्च्या आल्या. त्या दिवशी द्रव जास्त लागणार होतं. ते द्रव परभणीत कुठून यायचं, हे सांगायचं राहिलं. गुरांच्या दवाखान्यात वळूचं वीर्य नळ्यांमध्ये भरून त्याच द्रवात गार ठेवतात, गाई भरवण्यासाठी. तिथले डॉक्टर लोखंडे माझे दोस्त. एरवी थर्मासभर द्यायचे, त्या दिवशी आख्खा कंटेनरच मोटारसायकलला बांधून घेऊन आले, वीर्यासकट. नळ्या काढून ठेवायच्या कुठे?

पाहुण्यांचं भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात दारात किसनराव पिंगळीकर उभे राहिले. हातात दावं, दाव्याला गाय.

"डॉक्टर, दवाखान्याला कुलूप लावून हितं काय करायलाव?"

लोखंडे हळूच म्हणाले, "किसनराव, प्रयोग चाललाय. तासाभरानं येतो."

"गाय सकाळधरनं माजावर हाय. पिंगळीहून चालत आणली. ती तासभर थांबंल का इचारा तिला."

गाय हंबरली. पाहुणे थांबले. विभागप्रमुख उठून म्हणाले की हा विज्ञानाचा कार्यक्रम आहे. किसनराव म्हणाले, "मग हे काय देवधर्माचं हाय का?" शेवटी लोखंडे कंटेनरमधली एक नळी घेऊन बाहेर गेले आणि कडुनिंबाखाली गाईचं काम उरकलं. तोवर सगळी सभा गप्प बसून होती. मग आत चुंबक तरंगलं, टाळ्या झाल्या. किसनरावही खिडकीतून बघत होते.

सरांनी त्यांना प्रेमाने विचारलं, "कसं वाटलं?"

"ब्येस हाय. पण ह्याचा उपेग काय?"

"उद्या अशा तारा झाल्या तर वीज वाटेत वाया जाणार नाही."

"आधी ती निघू तर द्या तिकडून," म्हणाले आणि गाय घेऊन गेले.

सरांचा लेख छापून आला. त्या जोरावर त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि पुण्याला मोठ्या संस्थेत जागा मिळाली. मला लेख दाखवायला ते आले नाहीत. दीड वर्षाने एका विद्यार्थ्याकडून मी तो वाचून घेतला. वर नावं तीन. वसमतकर, मार्गदर्शक, विभागप्रमुख. मी म्हटलं, पुढं वाच, खाली असंल. खाली आभार होते. गुरांच्या दवाखान्याचे आभार. खलासाठी हकीमसाहेबांचे आभार. विजेच्या ऑफिसचे आभार, अखंड पुरवठ्यासाठी. अखंड. त्या उन्हाळ्यात लाइट आली की आमची पोरं टाळ्या वाजवायची.

माझं नाव नाही. भट्टीबद्दल लिहिलं होतं, 'स्थानिक बनावटीची'. आणि गोळीबद्दल लिहिलं होतं की तापमान लेखकांच्या सतत देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आलं.

मी पुण्याला गेलो नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला सर परभणीला आले, तेव्हा स्टेशनावर गाठलं. त्यांनी मला बघितलं आणि बॅग खाली ठेवली. पळाले नाहीत.

"सर, आपला सौदा काय ठरला होता?"

"ठरलं होतं, मिस्त्री. पण टॉवेलखाली काय झालं, कुणाला सांगू?"

"मला तर माहीत हाय ना. तुमाला बी हाय."

सर बाकावर बसले. "तुमचं नाव टाकलं असतं तर छापणारे विचारणार, यांनी काय केलं? मी काय लिहू? मिस्त्री चिडून लग्नाला गेले, म्हणून शोध लागला?"

"खरं तेच हाय की."

"तेच तर. तुम्ही काय केलं ते लिहिलं, की पुढचा प्रश्न, मग वसमतकरांनी काय केलं?"

गाडी आली. मी त्यांची बॅग डब्यात चढवून दिली. का दिली, ते मला अजून कळलेलं नाही. गाडी गेल्यावर तासभर प्लॅटफॉर्मवर एकटाच त्यांना शिव्या देत बसलो.

लोक मला सांगतात, मिस्त्री, नावात काय ठेवलंय, सोडा आता. त्यांना मी एवढंच सांगतो. ज्या वर्षांत मी धंदा केला, त्या वर्षांत या मराठवाड्यात विद्यापीठाच्या एका नावासाठी माणसांनी मार खाल्ला, घरं जळालेली सोसली, आणि तरी मागणी सोडली नाही. त्यांच्या पुढं माझं नाव म्हणजे मुंगी, ते मलाही कळतं. पण नावात काही नसतं, हे मला मराठवाड्यात उभं राहून कुणी सांगू नये.

वसमतकर सर आता निवृत्त आहेत. हा अंक त्यांच्या घरी जातो, वर्गणी मीच भरली आहे. सर, तुमची जागा गेली, मार्गदर्शकांची भीती गेली, विभागप्रमुख तर वरच गेले. आता तुम्हाला कुणी काही विचारणार नाही, मीच विचारतो. ती गोळी गार होत होती तेव्हा तिच्यावर सतत देखरेख करणारे लेखक कुठं बसले होते, आणि त्यांच्या पानात काय वाढलेलं होतं? माझी बहीण अजून आहे, पंगतीतली शंभर माणसं आहेत, साक्षीदारांना या वेळी तोटा नाही. उत्तर पुढच्या दिवाळीच्या अंकात, तुमच्या सहीनिशी छापून आलं पाहिजे. आणि त्यात माझं नाव पूर्ण लिहा.